काढून ठेवलेलं

‘ह्या वेळी आपण तुझी ती दाताची गोष्ट घेऊ या,’ बायको म्हणाली, सूपचा चमचा चाटला आणि बेसिनमध्ये टाकला. मी कांदा चिरत होतो. सुरी थांबली नाही. इतकी वर्षं कांदा चिरणारे हात डोक्याला विचारत नाहीत, ते आपलं काम करत राहतात. थांबलो तो मी, आत कुठेतरी, जिना संपला असं समजून टाकलेलं पाऊल अधांतरी राहावं तसा. ‘कुठली दाताची?’ मी विचारलं. मला नीट ठाऊक होतं कुठली. मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. ‘अरे ती, केकची. बाबा आणायचे तो. शनिवारचा विषयच उरल्यासुरल्याचा आहे, त्यात अशी चपखल बसेल ना! नुसत्या सालींच्या सूपवर भागत नाही रे. लोकांना सोबत कुणाचं तरी काहीतरी लागतं.’ कुणाचं तरी काहीतरी. फडताळातून मिठाची बरणी काढावी इतक्या सहज ती हे बोलली. ‘नको,’ मी म्हणालो. ‘बाबा घरात असतात.’ ‘बाबा लवकर जेवून आपल्या खोलीत रेडिओ लावून बसतात.’ ‘तरी नको.’ ती म्हणाली, ‘बरं, बघू.’ तिच्या ‘बघू’चा अर्थ मला कळत नाही असं नाही. तिथल्या तिथे सुरी खाली ठेवून, हात पुसून, तिच्यासमोर उभं राहून बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. मला राग आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते आणि हात भरभर चालू लागतात. त्या दिवशी कांदा इतका बारीक चिरला गेला की सूपमध्ये तो कुठे गेला, ते मलाही सांगता आलं नसतं.

आमच्या घरी जेवायला लोक येतात. पाहुणे नव्हेत; आधी पैसे भरून, आपली जागा राखून येतात. दिवाणखान्यातला सोफा त्या दिवशी आमच्या झोपायच्या खोलीत जातो, शेजाऱ्यांकडून चार खुर्च्या येतात, दोन टेबलं जोडून त्यांच्यावर एकच लांब चादर पडते आणि एकमेकांना कधी न पाहिलेली बारा माणसं कोपराला कोपर लावून बसतात. प्रत्येक वेळी एक विषय असतो. विषय बायको काढते. एकदा सगळंच पांढरं होतं: पांढऱ्या बशा, पांढरं जेवण, पांढरे कपडे. एकदा डोळ्यांवर पट्ट्या बांधून जेवायला घातलं, तेव्हा एका वकिलानं शेजारणीचा पाव खाल्ला आणि पुढे त्या दोघांचं लग्न ठरलं, असं बायको सांगते. लग्नाचं खरं आहे का मला ठाऊक नाही. ती टेबलाच्या डोक्याशी उभी राहते आणि प्रत्येक पदार्थाबरोबर एक गोष्ट वाढते. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामधली भिंत फोडून आम्ही एक खिडकी केली आहे, तिच्यातून मी बशा पुढे सरकवतो. खिडकीतून मला माणसांचे फक्त गळे, हात आणि हनुवट्या दिसतात. हनुवट्यांवरून मला कळतं कुणाला आवडतंय आणि कुणी नुसतं चघळतंय. आतली गोष्ट मात्र पूर्ण ऐकू येते. खरं सांगायचं तर ती छान बोलते. लोक माझ्या हातच्या जेवणासाठी एकदा येतात, आणि दुसऱ्यांदा येतात ते तिच्यासाठी. हे मला खुपतं का? खुपत असेल. पण शनिवारी जो राग माझ्या मस्तकात गेला, तो तसला नव्हता. तो फार खालून आला.

आम्ही, म्हणजे मी आणि बाबा, टायरच्या गोदामावरच्या एका खोलीत राहत होतो. आई मला नीट आठवतही नाही इतक्या लवकर गेली. खोलीत कायम तापलेल्या रबराचा वास असायचा. आजही नवीन टायरच्या दुकानासमोरून गेलं की मला भूक लागते. बाबा एका मोठ्या हॉटेलात कामाला होते. वरच्या मजल्यावर समारंभाचा हॉल होता, तिथे लोकांचं जेवण झालं की ताटं उचलायची, हे त्यांचं काम. वाढणारे वेगळे, ते टाय लावायचे. उचलणाऱ्यांना टाय नव्हता. मी झोपल्यावर ते घरी यायचे आणि सकाळी मी जागा व्हायचो तेव्हा एक चपटा पत्र्याचा डबा स्टोव्हशेजारी असायचा. डबा ते माझ्यासमोर उघडायचे नाहीत. मी तोंड धुऊन येईपर्यंत बशी तयार असायची: मध्ये कटलेट, बाजूला गाजराचे गोल काप, कधी मासा, कधी केक. कडा सरळ कापलेल्या, सगळं एका ओळीत. ‘उस्तादांनी काढून ठेवलं,’ ते म्हणायचे. उस्ताद म्हणजे तिथला मोठा आचारी. बाबांचा जिवाभावाचा दोस्त. टक्कल पडलेला, एका कानानं ठार बहिरा, आणि असा तापट की मालकालासुद्धा भटारखान्यातून हाकलायचा. पण बाबांवर त्याचा लोभ. कणीक मळताना गायचा, आणि बहिरा असल्यामुळे फार मोठ्यानं गायचा. ‘आज उस्ताद काय म्हणाले?’ हा माझा सकाळचा पहिला प्रश्न. आणि बाबा, कालच्या कामानं डोळे तांबारलेले, पाय बादलीतल्या कोमट पाण्यात सोडून, सांगायचे: उस्ताद आज एका मंत्र्यावर ओरडले. उस्तादांनी आज सगळं सूप ओतून दिलं, म्हणाले, असलं सूप मी माझ्या दोस्ताच्या मुलाला पाठवणार नाही. शाळेत मुलांना मी उस्तादांच्या गोष्टी सांगत असे. मोठा झालो की त्यांच्या हाताखाली काम करायचं, हे मी ठरवून टाकलं होतं.

मग एका सकाळी केक होता, क्रीमचा, चौकोनी. मी तो उचलला आणि खालच्या बाजूला बोट लागलं ते एका खळग्याला. उलटा करून पाहिला. एक अर्धगोल होता, आणि त्या अर्धगोलात छोट्या छोट्या रेघा, आणि रेघांच्या मध्ये एक उंचवटा, जिथे केक तसाच राहिला होता. दातांत फट असलेल्या कुणीतरी तो चावला होता. लहान तोंडाच्या कुणीतरी. माझेही पुढचे दोन दात तेव्हा पडलेले होते. बाबा माझ्याकडे पाठ करून सदरा घालत होते. मी काय केलं, तर तो घास माझ्या तोंडाला लावून पाहिला. जवळजवळ बरोबर बसला. कुठल्यातरी समारंभात माझ्याएवढा कुणीतरी मुलगा, चांगले बूट घातलेला, ह्याला कंटाळून उठून गेला होता. आणि त्याच क्षणी मला सगळंच दिसलं: सरळ कापलेल्या कडा कशासाठी सरळ कापलेल्या असतात ते, गाजराचे काप धुतल्यासारखे पाणचट का लागतात ते, डबा माझ्यासमोर का उघडत नाहीत ते. उस्ताद वगैरे कुणी नव्हते. सदरा घालून बाबा वळले तेव्हा मी केक खात होतो. भूक लागली होती, दुसरं काही कारण नाही. आणि तोंड भरलेलं असतानाच मी विचारलं, ‘उस्ताद काय म्हणाले?’ त्यानंतर कितीतरी वर्षं, माझा आवाज फुटला, मिसरूड आली, मी स्वतः एका हॉटेलात भांडी घासायला लागलो तोपर्यंत, मी हा प्रश्न रोज विचारला. त्यांना कळू द्यायचं नाही, इतकंच मी ठरवलं होतं. माझ्या हातून आयुष्यात एवढी एकच गोष्ट न चुकता झाली.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला सांगितलं ते तिची नोकरी गेली त्या दुपारी. तिला साहेबांच्या केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं आणि अर्ध्या तासात एका पहारेकऱ्यानं तिच्यासोबत चालत तिला फाटकापर्यंत पोचवलं होतं, जणू ती स्टेपलर चोरून नेणार होती. घरी येऊन ती चपला न काढता भिंतीला टेकून फरशीवर बसली आणि मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाली, ‘तू जा. तुला नाही कळायचं लाज काय असते ते.’ मग मी तिच्याशेजारी बसलो आणि सांगितलं. केकचं, खळग्याचं, सगळं. तिनं हात माझ्या गालावर ठेवला, आणि ऊन फरशीवरून सरकून भिंतीवर चढेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो. पुढे हे जेवणाचं तिच्या डोक्यातून निघालं, मी हॉटेल सोडलं, तिच्यात पुन्हा जीव आला. म्हणून मला वाटायचं की ती दुपार आमच्या संसाराचा पाया आहे. पायाचे दगड कुणी उपटून दिवाणखान्यात मांडत नाही.

शनिवारी दुपारपासून घरात सालींचा वास होता. बटाट्याच्या सालींचं सूप, शिळ्या पावाचे कटलेट, कोबीच्या दांड्यांचं लोणी घालून शिजवलेलं काहीतरी, दूध फाडल्यावर उरलेल्या पाण्यात वाफवलेला मासा. बाजारात भाजीवाला टाकून देतो त्या दांड्या मी विकत मागितल्या तेव्हा तो म्हणाला, ‘ससे पाळलेत काय?’ मी हो म्हणालो. संध्याकाळी पहिली मंडळी आली तरी बाहेर उजेड होता. एक दंतवैद्य आणि त्याची बायको, गळ्यात जाड मण्यांची माळ घातलेली एक बाई, जी पूर्वी दोनदा येऊन गेली होती, नुकतं लग्न झालेलं एक जोडपं, जे सगळ्याचे फोटो घेत होतं, आणखी काही. आणि तेवढ्यात फोन आला की एक जण येत नाही. बारा खुर्च्यांतली एक रिकामी. मी खिडकीतून वाकून पाहिलं तर बायको त्या खुर्चीकडे बघत होती, एखादा दात पडलेल्या हसऱ्या तोंडाकडे बघावं तशी. मग ती बाबांच्या खोलीकडे गेली. मी मासा वाफेवर ठेवत होतो, माझा हात मोकळा होईना. बाहेर आलो तेव्हा ती त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट करत होती. ‘बाबा, आज आमच्यात बसा ना. एवढी माणसं येतात आणि तुम्ही एकटे आत.’ बाबा खुळ्यासारखे हसत होते. त्यांना बरं वाटलं होतं. मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. ‘ती गोष्ट नाही सांगायची.’ ‘अरे, नाही. वेडा आहेस का? त्यांच्यासमोर कशी सांगेन मी?’ तिनं खरंच तसं ठरवलं होतं. आजही मला वाटतं की तिनं तसंच ठरवलं होतं.

सूप गेलं. खिडकीतून मला बाबांचे हात दिसत होते. टेबलाच्या टोकाशी, इस्त्रीच्या बाह्यांतून बाहेर आलेले, शिरा उठलेले. ह्या हातांना जेवणाच्या टेबलाशी बसायचं कसं ते ठाऊक नव्हतं. शेजारणीचा बाऊल रिकामा झाला की उजवा हात आपोआप त्याच्याकडे निघायचा आणि अर्ध्या वाटेवरून परत यायचा, चादरीवरून एखादा न दिसणारा कण टिपत. बायको सालींबद्दल बोलली, टाकण्याबद्दल बोलली, पण आज तिचं जमत नव्हतं. हनुवट्या सांगत होत्या. त्या नवीन जोडप्यातला मुलगा फोनमध्ये होता. दंतवैद्य सूप पुरं न करता चमचा आडवा टाकून बसला होता. उरल्यासुरल्याच्या जेवणातसुद्धा त्यानं अर्धं सूप ठेवलं होतं, तेच उचलून त्याच्या डोक्यावर ओतावं असं मला वाटलं. कटलेट गेले. टेबलावर ती शांतता पसरली जी आचाऱ्याला सगळ्यात आधी ऐकू येते. आणि मग मण्यांच्या माळेवाल्या बाईनं, बिचारीनं मदत करायची म्हणून, विचारलं, ‘तुमचे मिस्टर आचारी कसे झाले? हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलंच नाही.’ मी खिडकीशी वाकलो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं पाण्याचा एक घोट घेतला आणि तिचा आवाज बदलला. तो आवाज मला माहीत आहे, तो आला की टेबल तिच्या मुठीत येतं. ‘त्याची एक गोष्ट आहे,’ ती म्हणाली.

तिनं सांगितलं. आणि काय सांगितलं! माझी गोष्ट मला ओळखू येईना. तिच्यात रबराचा वास नव्हता, बादलीतले पाय नव्हते. तिच्यात मेणबत्ती होती. आमच्याकडे कधी मेणबत्ती नव्हती, वीज होती. तिच्यात एक गरीब बाप होता ज्याचे डोळे कायम ओलसर असत. बाबांचे डोळे मी कधी ओले पाहिले नाहीत, फक्त लाल पाहिले. तिच्यात एक मुलगा होता, तो दातांची ती खूण बघतो, बापाला मिठी मारतो आणि शपथ घेतो की मी आचारी होईन आणि जगात कुणाला उष्टं खावं लागणार नाही असं करीन. उष्टं. हा शब्द आमच्या खोलीत कुणी कधी उच्चारला नव्हता. तेवढ्यासाठी तर एक अख्खा माणूस रचला गेला होता, टक्कल आणि बहिऱ्या कानासकट. तो शब्द आता माझ्या दिवाणखान्यात, दिव्याखाली, कटलेटच्या बशांवरून फिरत होता. नवीन जोडप्यातल्या मुलानं फोन खाली ठेवला. त्याच्या बायकोनं त्याचा हात धरला. मण्यांची बाई डोळे टिपायला लागली. दंतवैद्यानं विचारलं, ‘खुणेवरून दुधाचे दात होते ते कळत होतं का?’ आणि सगळे जरा हसले, कारण रडू आलेल्या माणसांना हसायला काहीतरी हवंच असतं. माझ्या हातात मासा कापायची सुरी होती. ती मी ओट्यावर ठेवली, अगदी हळू, आवाज न करता, आणि ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. ‘आणि ते वडील,’ बायको म्हणाली, आणि इथे ती थांबली, आणि त्या थांबण्यात मला दिसलं की ती घसरत चालली आहे, तिला कळतंय, आणि आता तिला थांबता येत नाही, ‘ते वडील आज आपल्यात बसले आहेत.’ टाळ्या. माझ्या बापाला टाळ्या वाजवल्या त्यांनी. नवीन जोडप्यातल्या मुलीनं उठून त्यांच्याबरोबर फोटो काढायला वाकून चेहरा त्यांच्या खांद्याशी आणला.

बाबांनी फोटो काढू दिला. मग रुमालानं तोंड पुसून, तो रुमाल घडी करून ठेवून ते म्हणाले, ‘सूनबाई, तुझं काहीतरी चुकतंय.’ आवाज साधा होता. हिशेब चुकल्याचं दुकानदाराला सांगावं तसा. ‘तिथे आचारी होता. माझा दोस्त. तो काढून ठेवायचा माझ्यासाठी, कुणी जेवायला बसायच्या आधीच. मी उष्टं घरी कशाला नेईन? लहान पोर होतं घरात.’ त्यांनी शेजारणीच्या बशीतला काटा सरळ केला. ‘ह्याला विचारा हवं तर,’ ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी खिडकीकडे पाहिलं. ‘ह्याला सगळं ठाऊक आहे त्याचं.’

अकरा हनुवट्या वळल्या आणि अकरा चेहरे झाल्या. मधोमध बायकोचा चेहरा. त्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नंतर कळलं. ती मला विनवत नव्हती, ती माफी मागत होती, आणि मी ‘तिनं थोडी मीठमिरची लावली’ एवढं बोललो असतो तरी बाबांचा आणि तिचा, दोघांचा मान राहिला असता. पण मला दोघांचा मान राखायचा नव्हता. मला कुणाला तरी दुखवायचं होतं. मी बाहेर गेलो, हात पुसत. ‘बाबा बरोबर सांगतात,’ मी म्हणालो. ‘उस्ताद म्हणायचो आम्ही त्यांना. टक्कल होतं. एका कानानं बहिरे.’ आणि मग तोंड सुटलं. ज्या तोंडातून रागात एक शब्द फुटत नाही, त्यातून भडाभडा बाहेर यायला लागलं. मी सांगितलं, उस्तादांनी मला पहिल्यांदा सुरी धरायला कसं शिकवलं. त्यांच्या अंगठ्यावर भाजल्याचा कसा डाग होता. मालकाला त्यांनी कसं हाकललं. ते वारले तेव्हा त्यांना पोचवायला मीसुद्धा गेलो होतो आणि तिथे शहरातले सगळे आचारी कसे जमले होते. लोक ऐकत होते. मला कळलं की मलाही हे येतं. टेबल मुठीत येणं म्हणजे काय ते मला तळहातावर जाणवलं. ‘मग ते दातांचं?’ दंतवैद्यानं विचारलं. ‘ते हिनं घातलं,’ मी म्हणालो. ‘हिला गोष्टी रचायला आवडतं. मागच्या वेळी वकिलाचं लग्न लावलं होतं.’ हशा पिकला. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. आणि माझी बायकोसुद्धा हसली. ‘पकडलं बाई मला,’ ती म्हणाली, दोन्ही हात वर करत, ‘आता मासा तरी खरा आहे का ते बघू या.’ आणि बशा घ्यायला ती खिडकीशी आली तेव्हा पहिली बशी तिच्या हातून सुटली आणि मला ती धरावी लागली.

शेवटपर्यंत ती हसतमुख राहिली. दारापर्यंत जाऊन एकेकाला निरोप दिला. दार लावलं, कडी घातली आणि कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. ‘मी चुकले,’ ती म्हणाली. ‘चुकले ते मी म्हणणारच होते, तुझ्या पाया पडून म्हणणार होते. पण तू मला खोटारडी ठरवलंस आणि तुला त्यात मजा आली. मी तुझं तोंड बघत होते. तुला मजा आली.’ मी म्हणालो, ‘त्या फरशीवर बसून सांगितलं होतं मी तुला.’ ‘आठवतंय मला.’ ‘आठवतं आणि तरी?’ ‘हो, आठवतं आणि तरी! तोंडातून निघून गेलं. बारा लोक बसले होते, जेवण मरत होतं. तुझंच जेवण. तू त्या भोकाआड उभा राहतोस, तुला काय? उघड्यावर मी असते.’ ती ओरडत नव्हती. तिनं टेबलावरची चादर खेचली आणि एक ग्लास फुटला. कुणीच वाकलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबांच्या खोलीत रेडिओ लागलेला नाही.

ते पलंगावर बसले होते, बाहेरचाच सदरा अंगात. मी आत गेलो ते, खरं सांगतो, शाबासकीसाठी. इतकी वर्षं जे झाकलं ते आज चारचौघांत झाकून दाखवलं होतं, बायकोचा बळी देऊन. ‘पोचवायला गेला होतास त्याला?’ बाबांनी विचारलं. ‘मी मारला नव्हता अजून. तू मारलास.’ मी हसलो. ते हसले नाहीत. ‘दातांचं तिला कुणी सांगितलं?’ त्यांनी विचारलं. ‘ती रचणार नाही एवढं. मेणबत्ती रचेल. मिठी रचेल. पण खाली लपलेला घास तिला सुचणार नाही. तो केक मलाही आठवतो. उजेड नव्हता, मी एकच बाजू पाहिली होती.’ त्यांचा आवाज चढत चालला होता. माझ्या बापाचा चढलेला आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. ‘म्हणजे तुला ठाऊक होतं. तेव्हापासून?’ ‘हो.’ ‘मग विचारत का राहिलास?’ ‘तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.’ ‘मला?’ ते उठून उभे राहिले, गुडघा धरून. ‘अरे, चौदा तास पायांवर असायचो मी. येताना झोप यायची चालता चालता. आणि त्या झोपेत उद्या सकाळी तुला काय सांगायचं ते जुळवत यायचो. उस्ताद आज काय म्हणाले! नाही सुचलं की जिन्यावर बसून राहायचो. पायांनी नाही रे थकलो मी त्या कामात, त्या हरामखोर आचाऱ्यानं थकवलं मला. वाटायचं, कधी हा पोरगा मोठा होतो आणि विचारायचं थांबवतो. आणि तू,’ त्यांनी बोट माझ्या छातीवर टेकवलं, ‘तू ठाऊक असून रोज सकाळी मला उठवून नाचवलंस. एकदा म्हणायचंस, बाबा, मला कळलंय. गप्प बसून खाल्लं असतं दोघांनी.’

मी काहीतरी बोललो असेन. काय ते आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की माझ्यापाशी राग पुष्कळ होता आणि तो ठेवायला आता कुठेच जागा नव्हती; जिथे ठेवायला जावं तिथे आधीच दुसऱ्याचा राग बसलेला. बाबा माझ्या बाजूनं बाहेर गेले. बायको फरशीवरून काचा वेचत होती. ‘ते खरं होतं, पोरी,’ मी मागून ऐकलं. ‘मी उचलूनच आणायचो. धुऊन, कापून. तू खोटं बोलली नाहीस. पण पुन्हा कुणाला सांगू नकोस.’ मग ती म्हणाली, ‘नाही सांगणार, बाबा,’ आणि मग, ‘तिकडून या, इथे काच आहे.’

तिनं शब्द पाळला, जरा जास्तच पाळला. त्यानंतर आमच्याकडे जी जेवणं झाली त्यांत ती टेबलाच्या डोक्याशी उभी राहून पदार्थाचं नाव सांगते आणि खाली बसते. लोक थोडा वेळ वाट बघतात, मग आपापसांत बोलू लागतात. मण्यांची बाई पुन्हा आली नाही. माझ्याशी बायको बोलते, सगळं बोलते. पण त्या शनिवारनंतर तिनं मला स्वतःबद्दलचं काही सांगितलेलं नाही, आणि मी काही विचारलं की ती आधी माझ्याकडे नीट बघून घेते.

त्या शनिवारी रात्री बाबा काच ओलांडून स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, ‘काही आहे का? मला त्यांच्यात बसून खाता आलं नाही.’ मासा उरला होता, कटलेट उरले होते. त्यांतलं काही मी त्यांच्यापुढे ठेवू शकलो नाही. तवा तापत ठेवला, अंडी फोडली. एकाचं कवच आत पडलं, ते काढताना बोट भाजलं, मी शिवी दिली. कुणाला ते ठाऊक नाही. मीठ घातलं, पुन्हा घातलं. बाबांनी ओट्याशी उभ्या उभ्याच खायला सुरुवात केली. बायको काचा भरलेली सुपली घेऊन दाराशी आली, आमच्याकडे न बघता ती कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली आणि तिथेच पाठमोरी थांबली.

‘मीठ फार झालंय,’ बाबा म्हणाले.

‘रागात होतो,’ मी म्हणालो.

‘कळतंय,’ ते म्हणाले, आणि खात राहिले.